हंडी फोडा, डोके नको!

गोपाळकाला हा आपल्याकडचा आनंदाचा सण. श्रावणातली सर, ढोल-ताशा, पाण्याचे फवारे आणि चौकात दोरीला टांगलेली हंडी. मुंबई-ठाण्याची ही धामधूम आता आपल्या भागालाही नवी राहिलेली नाही. छत्रपती संभाजीनगर शहरात तर मोठ्या हंड्या लागतातच. पण वाळूज, बजाजनगर, रांजणगाव, पंढरपूर या कामगार वस्त्यांतही चौकाचौकांत मंडळे हंडी बांधतात. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना आला आणि त्याच्या मागोमाग मराठवाडा, खानदेश, विदर्भातून हजारो तरुण येथे कामाला आले. दिवसभर यंत्रावर उभे राहणाऱ्या या तरुणांना वर्षातले हे दोन-चार सण म्हणजे मोकळा श्वास आहे. त्यात कोणी मोडता घालावा असे कोणाही डॉक्टरला वाटणार नाही.

तरीही या सणाच्या दुसऱ्या दिवशीचे वर्तमानपत्र उघडले की एक बातमी हमखास असते. इतके गोविंदा जखमी, इतके रुग्णालयात. हात मोडला, पाय मुरगळला, तर महिना-दोन महिन्यांत माणूस पुन्हा उभा राहतो. परंतु डोक्याला मार लागला तर तसे नसते. मोडलेले हाड जुळून येते. मेंदूच्या मेलेल्या पेशी मात्र पुन्हा तयार होत नाहीत. म्हणून या आठवड्यात आपण हंडी आणि डोके या दोहोंचा एकत्र विचार करणार आहोत. थरावर चढणाऱ्यांचे धाडस कमी लेखण्याचा यात हेतू नाही. खेळ तोच ठेवून त्याचे नियम बदलता येतात का, आणि त्यामुळे डोकी वाचतात का, एवढाच प्रश्न आहे.

नियम झाले, बदलले, पुन्हा बदलले

दहीहंडीला नियम असावेत की नसावेत हा वाद आपल्याकडे थेट न्यायालयापर्यंत गेला. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने १८ वर्षांखालील मुलांना थरावर चढवू नये आणि हंडीची उंची २० फुटांपेक्षा जास्त नसावी, असा आदेश दिला. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. पुढे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच २० फूट आणि १८ वर्षे ही मर्यादा त्या वर्षापुरती कायम ठेवली. त्यानंतर प्रकरण पुन्हा उच्च न्यायालयाकडे आले. २०१७ मध्ये राज्य सरकारने १४ वर्षांखालील मुलांना सहभागी होऊ देणार नाही व सुरक्षेची काळजी घेऊ, असे सांगितले. उंचीवर बंधन घालण्यास मात्र न्यायालयाने नकार दिला. २०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा देण्याची आणि गोविंदांना विम्याचे संरक्षण देण्याची घोषणा केली. मृत्यू झाल्यास वारसांना १० लाख रुपये, असे त्यात ठरले.

विमा ही चांगलीच गोष्ट आहे. पण विम्याचे पैसे माणूस पडल्यानंतर मिळतात. माणूस पडूच नये, किंवा पडला तरी त्याचे डोके वाचावे, हे काम नियमाचे आहे. आणि कागदावरचा नियम चौकात उतरला नाही तर काय होते, हे ऑगस्ट २०२५ मध्ये दिसले. मुंबईत दहिसर येथे हंडीच्या सरावात वरच्या थरावरून पडून ११ वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. १४ वर्षांची मर्यादा त्या वेळीही होतीच! आणखी एक गोष्ट येथे ध्यानात घ्यावी. हा अपघात सणाच्या दिवशी झालेला नाही, सरावात झाला आहे. सणाच्या दिवशी पोलीस असतात, रुग्णवाहिका असते, कॅमेरे असतात. गुरुपौर्णिमेपासून गल्लीत रात्री जो सराव चालतो, तेथे यातले काहीच नसते.

उंचीचे साधे गणित

हंडीच्या व्यासपीठावर 'चार थर', 'सहा थर', 'आठ थर' असे पुकारले जाते तेव्हा उंचीचा नेमका अंदाज येत नाही. २०१२ मध्ये ठाण्यात जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थरांचा विक्रम केला, तेव्हा मनोऱ्याची उंची ४३.७९ फूट भरली होती. म्हणजे एका थराला सरासरी पावणेपाच-पाच फूट. २०२५ मध्ये तर ठाण्यातच दहा थर लागले.

आता शाळेतले विज्ञान आठवावे. वरून पडणाऱ्या वस्तूचा वेग सतत वाढत जातो. दहा फुटांवरून पडलेला माणूस जमिनीला लागतो तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे २८ किलोमीटर असतो. २० फुटांवरून हाच वेग सुमारे ३९, ३० फुटांवरून सुमारे ४८ आणि ४० फुटांवरून सुमारे ५६ किलोमीटर होतो. म्हणजे नऊ थरांच्या टोकावरून थेट खाली येणे हे, ५०-५५ च्या वेगाने जाणाऱ्या मोटारसायकलवरून डोके थेट भिंतीवर आदळण्यासारखे आहे. नगर रस्त्यावर रोज जा-ये करणाऱ्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. २० फुटांवरून पडायला सेकंदाहून किंचित अधिक वेळ लागतो. तेवढ्या वेळात हात पुढे करून डोके वाचवणे फारच थोड्यांना जमते.

अर्थात प्रत्येक गोविंदा थेट जमिनीवर पडत नाही. बहुतेक जण खालच्या माणसांच्या खांद्यांवर, हातांवर आदळत खाली येतात आणि म्हणूनच वाचतात. जो मनोऱ्याच्या बाहेर फेकला जातो आणि डांबरी रस्त्यावर किंवा सिमेंटच्या कट्ट्यावर पडतो, त्याला खरा धोका असतो. खालच्या थरातले गडीही निर्धास्त नसतात. वरून पडणाऱ्याचे गुडघे, कोपरे, डोके त्यांच्याच मानेवर आणि डोक्यावर येते.

डोक्याला मार लागतो म्हणजे काय होते?

आपला मेंदू मऊ असतो. तो कवटीच्या पेटीत पातळ पाण्यासारख्या द्रवात जणू तरंगत असतो आणि त्याच्याभोवती तीन आवरणे असतात. डोके जोराने आपटून एकदम थांबते, पण आतला मेंदू मात्र पुढे जात राहतो. तो कवटीच्या आतल्या बाजूवर आदळतो, मागे येतो, पिळवटतो. यालाच आपण मेंदूला हादरा बसणे म्हणतो. कवटीला साधी चीरही न पडता हे होऊ शकते. म्हणून 'रक्त आले नाही, म्हणजे काही झाले नाही' हा समज अगदी चुकीचा आहे. अशा वेळी सी.टी. स्कॅनही बहुधा चांगलाच येतो. तरी रुग्णाचे डोके दुखते, चक्कर येते, उजेड सहन होत नाही, विसरल्यासारखे होते, चिडचिड होते. हे नाटक नव्हे. मेंदूचे काम तात्पुरते विस्कळीत झालेले असते.

दुसरा प्रकार रक्तस्रावाचा. कानशिलाच्या भागात कवटीचे हाड पातळ असते आणि त्याच्या आतून एक रोहिणी जाते. कानशिलावर मार लागून ते हाड तडकले की ही रोहिणी फाटते आणि कवटी व मेंदूचे बाहेरचे आवरण यांच्यामध्ये रक्त साठू लागते. येथेच सर्वांत मोठा धोका असतो. रुग्ण क्षणभर बेशुद्ध होतो, मग शुद्धीवर येतो. बोलतो, चालतो, 'मला काही झाले नाही' म्हणून चहासुद्धा घेतो. सगळे निश्चिंत होतात. आत मात्र रक्त साठतच असते. कवटी फुगत नाही. त्यामुळे दाब मेंदूवर येतो. काही मिनिटांत किंवा काही तासांत डोके असह्य दुखू लागते, उलट्या होतात, गुंगी येते आणि रुग्ण पुन्हा बेशुद्ध होतो. या मधल्या वेळात तो रुग्णालयात पोहोचला व शस्त्रक्रिया करून रक्त काढले, तर तो पूर्ण बरा होऊ शकतो. घरी 'झोपू द्या त्याला, दमलाय' म्हणून पांघरूण घातले, तर सकाळ होईलच असे नाही.

तिसरा प्रकार म्हणजे मेंदूलाच जखम होणे, त्यावर सूज येणे. यातून वाचलेल्यांपैकी अनेकांना पुढे फिट्स येतात, हात-पाय अधू होतात, स्वभाव बदलतो, कामावर लक्ष लागत नाही. कुटुंबातला कमावता मुलगा असा झाला तर घर बसते.

सर्वांत वर सर्वांत लहान का?

थराच्या टोकावर जाणाऱ्याला 'एक्का' म्हणतात. तो हलका हवा, म्हणून लहान मूल वर पाठवले जाते. मनोऱ्याच्या दृष्टीने हे सोयीचे आहे, पण वैद्यकीय दृष्टीने यासारखी वाईट निवड नाही. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि जड असते. मानेचे स्नायू कोवळे असतात. त्यामुळे पडताना डोके आधी खाली येण्याचा धोका अधिक असतो. कवटीचे हाड मोठ्या माणसापेक्षा पातळ असते. मेंदूची वाढ चालू असते आणि हादऱ्यातून सावरायला मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त दिवस लागतात. शिवाय, भीती वाटली तरी 'मला खाली उतरवा' असे सांगण्याइतके धाडस दहा वर्षांच्या मुलात नसते. खाली शेकडो लोक टाळ्या वाजवत असतात!

म्हणूनच वयाचा नियम हा सर्व नियमांत महत्त्वाचा. आई-वडिलांनीही मुलाचा फोटो चांगला येतो म्हणून त्याला पाठवू नये. पथकाच्या प्रमुखाला 'नाही' म्हणणे अवघड वाटत असेल, तर नियम १४ वर्षांचा आहे एवढे सांगितले तरी पुरे. आणि १५ वर्षांच्या मुलालाही वर पाठवायचे तर दोरी, हेल्मेट आणि गादी या तिन्ही गोष्टी आहेत की नाहीत ते स्वतः जाऊन पाहावे.

जगात इतर खेळांनी काय केले?

नियम बदलल्याने खेळाची मजा जाते, असे प्रत्येक खेळात म्हटले गेले. कॅनडात बर्फावरची हॉकी हा आपल्या क्रिकेटसारखा वेडाचा खेळ आहे. त्यात प्रतिस्पर्ध्याला अंगाने धडक देऊन पाडणे नियमात बसते. या धडकांनी डोक्याला मार लागतो म्हणून हेल्मेट सक्तीचे झाले. तरी मेंदूला हादरे बसतच राहिले. तेव्हा तेथील संशोधकांनी ११-१२ वर्षांच्या मुलांची तुलना केली. एका प्रांतात या वयात धडक देण्यास परवानगी होती, दुसऱ्यात बंदी. परवानगी असलेल्या प्रांतातल्या मुलांना मेंदूचा हादरा बसण्याचा धोका तिपटीहून अधिक निघाला. हेल्मेट दोन्हीकडे सारखेच होते, फरक फक्त नियमाचा होता! २०१३ मध्ये कॅनडाने या वयोगटात धडकेवर देशभर बंदी घातली आणि नंतरच्या पाहणीत हादऱ्यांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. मोठ्या व्यावसायिक सामन्यांतही २०१० पासून, बेसावध खेळाडूच्या डोक्यावर बाजूने धडक देणे हा गुन्हा ठरला. हॉकी काही बंद पडली नाही.

क्रिकेटचे उदाहरण तर आपल्या घरातलेच. १९६२ मध्ये वेस्ट इंडीज दौऱ्यावर बार्बाडोसला भारताचा कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर याच्या डोक्यावर चेंडू बसला. कवटी फुटली, शस्त्रक्रिया करावी लागली. त्याला वाचवण्यासाठी रक्त देणाऱ्यांत प्रतिस्पर्धी कर्णधार फ्रँक वॉरेलही होता. जीव वाचला, पण कॉन्ट्रॅक्टर पुन्हा कसोटी खेळला नाही. त्या काळी हेल्मेट नव्हते. आपला एकनाथ सोलकर शॉर्ट लेगला बॅटच्या तोंडाशी हेल्मेटशिवाय उभा राहत असे. आज तसे उभे राहण्यास कोणी धजणार नाही आणि त्याला कोणी भित्राही म्हणणार नाही. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाचा फिलिप ह्यूज हेल्मेट असूनही मानेवर चेंडू लागून गेला. त्यानंतर हेल्मेटला मागे मानेचे संरक्षण जोडले जाऊ लागले. २०१९ पासून आंतरराष्ट्रीय सामन्यात मेंदूला हादरा बसलेल्या खेळाडूऐवजी दुसरा खेळाडू पूर्णपणे उतरवता येतो. म्हणजे 'संघ अडचणीत आहे, चक्कर येत असली तरी खेळतो' असे म्हणण्याची वेळच येऊ नये, अशी सोय नियमाने केली.

आपल्या हंडीला सर्वांत जवळचे उदाहरण मात्र स्पेनमधल्या कॅटालोनिया प्रांताचे आहे. तेथेही माणसांचे मनोरे रचतात आणि वर लहान मूल चढते. २०१० मध्ये युनेस्कोने या परंपरेला जागतिक सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. २००६ मध्ये तेथे मनोऱ्यावरून पडून एका १२ वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला. त्यानंतर तेथील पथकांनी वर चढणाऱ्या मुलांसाठी हलके, मऊ हेल्मेट आणले. ते कडक नसते, कारण कडक हेल्मेट पडताना खालच्या माणसाला लागते. मनोऱ्याच्या पायथ्याशी ते माणसांचे दाट कडे करतात. ते आधारही देते आणि पडणाऱ्याला झेलतेही.

आणखी एक नियम आपण तेथून जरूर घ्यावा. तेथील स्पर्धेत नुसता मनोरा उभा राहिला की पूर्ण गुण मिळत नाहीत. मनोरा नीट उतरवला तरच तो पूर्ण मानतात. उभा राहून कोसळला तर कमी गुण. आपल्याकडे मात्र वरच्याने सलामी दिली, हंडी फोडली, की जल्लोष सुरू होतो आणि सारे विसरतात की उतरायचे अजून बाकी आहे. पाय थकलेले, अंग पाण्याने ओले, खांदे दहीदुधाने निसरडे, आणि लक्ष बक्षिसाकडे. अशा वेळी थर कोसळले तर नवल काय? बक्षीस जेथे असते, तेथे पथकाचे लक्ष असते. बक्षीस उंचीला दिले की उंची वाढते. बक्षीस सुखरूप उतरण्याला दिले, तर उतरण्याचाही सराव होईल.

हेल्मेट हवेच, पण शेवटी

कंपनीत काम करणाऱ्यांना सुरक्षेचा क्रम ठाऊक असतो. आधी यंत्राला गार्ड, मग कामाची पद्धत, आणि शेवटी हातमोजे-गॉगल. प्रेसला गार्ड नसेल तर नुसत्या हातमोज्याने बोटे वाचत नाहीत. हंडीलाही हेच लागू आहे. आधी उंची कमी, मग वय, मग दोरी आणि गादी, आणि सर्वांत शेवटी हेल्मेट. हेल्मेट कवटी फुटण्यापासून बरेच वाचवते. आतल्या मेंदूचे हलणे मात्र ते पूर्ण थांबवू शकत नाही. कॅनडाच्या मुलांची गोष्ट हेच सांगते.

गादीचे महत्त्व साधे आहे. वेगाने येणारा क्रिकेटचा चेंडू झेलताना आपण हात मागे घेतो, म्हणजे तळहात झोंबत नाही. थांबायला जितके अंतर जास्त, तितका मार कमी. काँक्रीटवर डोके क्षणार्धात थांबते. फूटभर जाड गादीत ते जरा रुतून थांबते. तेवढ्या फरकाने जीव वाचू शकतो. सतरंजी किंवा पातळ फोम अंथरणे म्हणजे गादी नव्हे.

ज्या तरुणाला कंपनीत शेडवर चढताना सेफ्टी बेल्ट लावल्याशिवाय सुपरवायझर वर जाऊ देत नाही, तोच तरुण संध्याकाळी अनवाणी, ओल्या अंगाने पाचव्या थरावर चढतो. जमीन दोन्हीकडे सारखीच कठीण आहे.

मंडळांनी आणि पथकांनी काय करावे?

१. हंडी चार थरांत, म्हणजे सुमारे २० फुटांत बांधावी. ती फोडायला वेळ लावावा, कौशल्य लावावे. उंची लावू नये.

२. १४ वर्षांखालील एकही मूल थरावर नको. नोंदणीच्या वेळीच वयाचा दाखला पाहावा. १८ वर्षांची मर्यादा पाळली तर अधिक चांगले.

३. वरच्या गोविंदाला कमरेला व छातीला बांधलेला पट्टा आणि वरून दोरी असावी. दोरी धरणारा माणूस शिकलेला असावा आणि त्याने नशा केलेली नसावी.

४. वरच्या तिन्ही थरांना हलके, हनुवटीखाली पट्टा असलेले हेल्मेट द्यावे. सायकलस्वारांचे मिळते तसे चालेल. मोटारसायकलचे जड हेल्मेट नको. त्याने मानेवर भार येतो आणि खालच्याला लागते. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये.

५. मैदानात, मातीवर, जाड गाद्यांवर हंडी करावी. चौकातल्या दुभाजकाजवळ, विजेच्या तारांखाली मुळीच नको.

६. दारू प्यालेल्याला पहिल्या थरातही घेऊ नये. खालचा एक पाय डगमगला की वरचे सगळे येतात.

७. बक्षिसाची अर्धी रक्कम सुखरूप उतरल्यावरच द्यावी.

८. सरावालाही हेच सारे नियम लावावेत.

९. रुग्णवाहिका चौकाबाहेर नव्हे, आत उभी असावी आणि तिच्या बाहेर पडण्याची वाट मोकळी ठेवावी. वाळूजहून घाटी रुग्णालय पंधरा-वीस किलोमीटर आहे. त्यात सणाची गर्दी आणि शिफ्ट सुटण्याची वेळ आली तर अर्धा तास सहज वाढतो. आत रक्त साठत असताना हा अर्धा तास फार मोलाचा असतो.

कोणी पडलेच तर

सर्वप्रथम गर्दी हटवा आणि १०८ ला फोन करा. पडलेल्याला हाताला धरून उठवू नका, बसवू नका, उभे करून 'चालून दाखव' म्हणू नका. डोक्याला मार म्हणजे मानेलाही मार असे धरून चालावे. एकाने दोन्ही हातांनी डोके व मान एका रेषेत स्थिर धरावी. उलटी होत असेल तर तिघा-चौघांनी मिळून डोके, मान आणि पाठ एकाच वेळी वळवून त्याला कुशीवर घ्यावे, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरावे. हाड आत दबलेले वाटत असेल तेथे मात्र जोर देऊ नये. नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव येत असेल तर बोळा कोंबू नये.

पाणी पाजू नये, चहा देऊ नये. कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. तोंडावर पाण्याचे हबके मारू नयेत. जखमेत हळद, चुना, तंबाखू भरू नये. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून तर कधीच नेऊ नये.

पुढील लक्षणांपैकी एक जरी दिसले तरी सी.टी. स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात ताबडतोब न्यावे: क्षणभर का होईना शुद्ध हरपणे, पुन्हा पुन्हा उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, उठवूनही नीट न उठणे, तेच तेच विचारणे, ओळख न पटणे, बोलणे अडखळणे, हात किंवा पाय ढिला पडणे, फिट येणे, दोन डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणे, नाका-कानातून रक्त वा पाणी येणे. लहान मूल सारखे रडत असेल, दूध-जेवण घेत नसेल, तर तेही धोक्याचे समजावे.

घरी पाठवल्यावर

डॉक्टरांनी तपासून घरी पाठवले तरी पहिला दिवस कोणीतरी जाणते माणूस जवळ असावे. झोपू द्यायला हरकत नाही, मात्र डॉक्टर सांगतील तसे मधून मधून उठवून नाव, गाव विचारावे. दारू पूर्ण वर्ज्य. ॲस्पिरिनची गोळी स्वतःच्या मनाने देऊ नये. त्याने रक्तस्राव वाढू शकतो.

एक-दोन दिवस विश्रांती, मोबाइल व टीव्ही कमी, आणि मग हळूहळू चालणे, हलकी कामे, अभ्यास. एक पायरी पार केल्यावर त्रास झाला नाही तरच दुसऱ्या दिवशी पुढची पायरी. यंत्रावर, उंचावर किंवा दुचाकीवर जाण्याआधी डॉक्टरांना विचारावे. कामगाराला गरगरत असताना प्रेसवर उभे करणे म्हणजे दुसऱ्या अपघाताला आमंत्रण आहे. कंपनीतल्या अधिकाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे.

पहिला हादरा पूर्ण बरा होण्याआधी डोक्याला दुसरा मार लागला, तर मेंदूवर अचानक सूज येऊन प्राणही जाऊ शकतो. हे क्वचित घडते, पण घडते ते मुख्यतः तरुणांतच. म्हणून सरावात डोक्याला मार लागलेल्या गोविंदाने त्या वर्षी पुन्हा थरावर चढू नये. पथकाचा प्रमुख खरा कोण, तर जो त्याला सांगतो, 'या वर्षी तू ढोल वाजव.'

परंपरा कोणती?

काही जण म्हणतील, नियम लावले तर परंपरा बुडेल. परंपरा म्हणजे सवंगड्यांनी एकमेकांच्या खांद्यावर उभे राहून हंडी फोडणे आणि मिळालेला काला सर्वांनी वाटून खाणे. गोपाळकाल्यात कृष्ण एकटा वर गेला नाही आणि त्याने एकट्याने खाल्लेही नाही. नऊ थरांचे आकडे आणि लाखांची बक्षिसे ही अलीकडची भर आहे. ती कमी केली तर काल्याची गोडी कमी होणार नाही.

यंदा आपल्या चौकात वर्गणी मागायला मंडळाची मुले येतील, तेव्हा वर्गणी आनंदाने द्यावी. त्याचबरोबर एवढेच विचारावे: गाद्या किती जाड आहेत, दोरी कोण धरणार आहे आणि वर जाणाऱ्याचे वय काय? वर्गणी देणाऱ्या प्रत्येकाने हे तीन प्रश्न विचारले, तर नियम कागदावरून चौकात यायला वेळ लागणार नाही.